तीन अक्षरांचं बिऱ्हाड

रसग्रहणाला कविता घ्यावी असा रिवाज आहे. फार तर एखादी कथा. मी शब्दकोशातली एक नोंद घेतली आहे. तिला वृत्त नाही, यमक नाही, आणि ती लिहिणारा कुणी एक कवीही नाही. तरी ती मी कवितेसारखीच पुन्हा पुन्हा वाचतो, आणि दर वेळी एखादी ओळ नव्यानं उमगते.

१९८९ साली ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ची दुसरी आवृत्ती वीस खंडांत निघाली. तिच्यात सगळ्यात ऐसपैस जागा मिळाली होती ती ‘सेट’ या क्रियापदाला. ४३० अर्थ, आणि ते सांगायला सुमारे साठ हजार शब्द. रोमन लिपीत अवघी तीन अक्षरं. जीभ दाताला टेकते न टेकते तोच संपणारा शब्द. पण त्याचं बिऱ्हाड मांडायला एका कादंबरीएवढा कागद लागला. प्रेम, मृत्यू, ईश्वर अशा थोर शब्दांच्या वाट्याला एवढी जागा आली नाही, आणि त्यात नवल नाही. थोर शब्द देवघरातले, सोवळ्यातले. ‘सेट’ म्हणजे स्वयंपाकघरातली सांडशी. गरम पातेलं उतरवायचं असो, पापड भाजायचा असो की कशाचं घट्ट झाकण उघडायचं असो, हात आपोआप तिच्याकडेच जातो.

ही नोंद कशी घडली हे माहीत असलं तर ती वाचायला अधिक गोडी येते. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीनं या कोशाचा विचार सुरू केला तो १८५७ साली. (मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती मुंबईत निघाली तीही त्याच साली.) योजना साधी होती. हौशी वाचकांनी पुस्तकं वाचायची, शब्द वापरलेलं वाक्य कागदाच्या चिठ्ठीवर उतरवायचं आणि संपादकाकडे धाडायचं. १८७९मध्ये जेम्स मरे यांनी संपादन हाती घेतलं. दहा वर्षांत काम उरकेल असा अंदाज होता. पाच वर्षांनी, १८८४ साली, पहिला भाग छापून झाला तेव्हा मंडळी ‘अँट’पर्यंत, म्हणजे मुंगीपर्यंत पोचली होती. शेवटचा भाग निघाला १९२८ साली. मरे १९१५मध्येच गेले होते. ‘सेट’ ज्या भागात येतो, तो ‘एस’ अक्षराचा भाग कोशाचे दुसरे संपादक हेन्री ब्रॅडली यांच्या वाट्याला आला.

ब्रॅडलींच्या टेबलावरचं दृश्य मी मनाशी रंगवून पाहतो. समोर ‘सेट’च्या चिठ्ठ्यांचा डोंगर. एकीत सूर्य मावळतोय, दुसरीत मोडलेलं हाड, तिसरीत सापळा, चौथीत जेवणाचं टेबल. प्रत्येक चिठ्ठी उचलायची, वाचायची आणि ठरवायचं की ही कुठल्या ढिगात जाईल. आधीच्या कुठल्याच ढिगात जात नसेल तर टेबलावर नवी जागा करायची. चिठ्ठी तिच्या जागी बसवणं याला इंग्रजीत जे क्रियापद लागेल, तेच त्या चिठ्ठीवर लिहिलेलं! आणि असे सगळे ढीग लागल्यावर तो मजकूर छापखान्यात गेला, तिथं खिळे जुळवणाऱ्यानं शिशाचं एकेक अक्षर ओळीत बसवलं. त्या कामाचं इंग्रजी नावसुद्धा ‘टाइप सेट करणं’च. आपल्याच जन्माच्या प्रत्येक विधीला हजर असलेला असा शब्द दुसरा सापडणं कठीण.

आता मूळ पाहू. हा शब्द इंग्रजीतल्या ‘सिट’चं प्रयोजक रूप आहे. ‘सिट’ म्हणजे बसणे, ‘सेट’ म्हणजे बसवणे. मराठी माणसाला ही युक्ती शिकवावी लागत नाही. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तरणे-तारणे. आतला स्वर बदलला की स्वतः होणारी गोष्ट दुसऱ्याकडून घडवली जाते. इंग्रजीनं ही सोय पुढं जवळजवळ मोडीत काढली. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि ‘फेल’ म्हणजे झाड पाडणे, अशा दोन-चार जोड्या तेवढ्या उरल्या. ‘सेट’ हा त्या पडक्या वाड्याचा शाबूत राहिलेला खांब आहे.

आणि खांब पुरला आहे तो आपल्या ओळखीच्या जमिनीत. संस्कृतात ‘सद्’ म्हणजे बसणे. त्याचं प्रयोजक ‘सादयति’, म्हणजे बसवतो. इंग्रजी ‘सेट’ आणि संस्कृत ‘सादयति’ ही एकाच आदिम मूळ रूपाची लेकरं, घडणीसकट. ‘सद्’चं आपल्याकडचं गोत तर मोठंच आहे. एकत्र बसायची ती संसद, भोवती बसायची ती परिषद, गुरूजवळ बसून मिळवायचं ते उपनिषद. खचून बसणं म्हणजे विषाद. आणि ‘प्रसन्न’ हा शब्दही यातलाच. संस्कृतात पाण्यालासुद्धा प्रसन्न म्हणतात, म्हणजे नितळ, निवळलेलं. पावसाळ्यात गढूळ पाणी यायचं तेव्हा आई हंड्यात तुरटी फिरवायची. सकाळपर्यंत गाळ तळाशी बसायचा आणि वरचं पाणी आरपार दिसायचं. गाळ बसल्यानंतरची ती अवस्था म्हणजे प्रसन्न. इंग्रजीत गाळ तळाशी बसतो त्याला ‘सेटल’ म्हणतात. तो शब्दही याच घराण्यातला. (आपलं ‘बसणे’ मात्र या घरातलं नव्हे. ते ‘बैसणे’वरून आलं, आणि मागं गेलं तर ‘उपविश्’पर्यंत पोचतं. काम तेच, कूळ वेगळं.)

एवढी किल्ली हातात आली की नोंदीतल्या बऱ्याच खोल्या आपोआप उघडतात. निखळलेलं हाड ‘सेट’ करतात. आपणही हाड बसवतोच. अंगठीत हिरा ‘सेट’ करतात. आपण कोंदणात बसवतो. कवितेला चाल ‘सेट’ करतात. आपण लावतो, आणि गाणं मात्र बसवतो. पण इथूनच दोन्ही भाषांच्या वाटा फुटायला लागतात, आणि रसग्रहणाची खरी मौज त्या फाट्यावर आहे.

घड्याळाचा गजर इंग्रज ‘सेट’ करतो, आपण लावतो. सापळा तो ‘सेट’ करतो, आपण लावतो. घराला आग तो ‘सेट’ करतो, आपण तीही लावतो. जेवणाचं टेबल तो ‘सेट’ करतो, आपण पानं मांडतो, पाट-पाणी घेतो. परीक्षेचा पेपर तो ‘सेट’ करतो, आपण काढतो. लग्नाची तारीख तो ‘सेट’ करतो, आपण मुहूर्त धरतो. चुलीवरून उतरवलेल्या दुधाला विरजण लावलं की रात्रीतून त्याचं दही ‘सेट’ होतं. आपलं दही लागतं. आणि आंबट चिंच चावल्यावर दातांना जे होतं, त्यासाठी इंग्रजीत दात ‘धारेवर सेट’ होतात. आपल्याकडे एकच शब्द पुरतो: दात आंबतात. या एका जागी मराठीनं इंग्रजीवर निर्विवाद मात केली आहे असं माझं मत आहे.

म्हणजे इंग्रजी जिथं एकाच शब्दाला राबवते, तिथं मराठीनं बसवणे, लावणे, मांडणे, काढणे अशी माणसं वाटून घेतली आहेत. पण म्हणून इंग्रजीला दरिद्री म्हणायला जाऊ नये. आपल्या ‘लावणे’ची चौकशी केली तर ते कमी राबतं असं नाही. दिवा लावणे, झाड लावणे, दार लावणे, वेळ लावणे, वाट लावणे, नाव लावणे, जीव लावणे. मराठी शिकू पाहणारा परदेशी माणूस या यादीपुढं तसाच हात टेकतो, जसे आपण ‘सेट’पुढं टेकतो. प्रत्येक भाषेच्या तळाशी अशी पाच-दहा हमाल क्रियापदं असतात, आणि त्यांच्या पाठीवर भाषेचा सगळा बाजार भरतो.

नोंदीतला सगळ्यात काव्यमय अर्थ मला सूर्याचा वाटतो. सूर्य ‘सेट’ होतो. इथं बसवणारा कुणी नाही. सूर्य आपणच खाली बसतो. बसणे आणि बसवणे या दोन भावंडांची इंग्रजीत शतकानुशतकं सरमिसळ होत राहिली, त्यातून हा अर्थ स्थिरावला. आपला सूर्य मावळतो, बुडतो, अस्ताला जातो; दिवस कलतो. आपल्या शब्दांत विझण्याची, बुडण्याची छटा आहे. इंग्रजीतला सूर्य मात्र दिवसभर रानात राबून आलेल्या म्हाताऱ्यासारखा क्षितिजाच्या ओट्यावर टेकतो.

काव्यात विरोधाभास हा अलंकार मानतात. या नोंदीत तो पानोपानी आहे. सिमेंट ‘सेट’ होतं म्हणजे हलायचं थांबतं. आणि यंत्र हलतं करायचं तरी ‘सेट’च वापरायचा. कैद्याला मोकळं सोडणं ‘सेट’, आणि माणूस आपल्या सवयीत जखडला गेला तरी तो ‘सेट’. नाविक शीड ‘सेट’ करतो ते जागा सोडून जाण्यासाठी. बसवणाऱ्या शब्दाचा निघण्याशी काय संबंध, असं आपल्याला वाटतं. पण धनुष्याला बाण लावणाऱ्याला विचारा. सुटायच्या आधी बाण नेमक्या जागी बसावा लागतो. धावण्याच्या शर्यतीत पिस्तूल उडण्याआधीचा हुकूमही ‘सेट’च असतो, आणि त्या क्षणी ओळीतला एकही पाय हलत नाही.

आणि आपल्या ‘बसणे’कडे पाहिलं तर तिथंही हाच खेळ आहे. धंद्याचा जम बसला म्हणजे चांगलं झालं. धंदा बसला म्हणजे वाटोळं. घडी बसली तर आनंद, घर बसलं तर आकांत. विश्वास बसतो तसा फटकाही बसतो. गवयाचा सूर बसला तर वाहवा, आवाज बसला तर मैफल रद्द.

‘सेट’ला शेपटी जोडली की तर तो ओळखूच येत नाही. ‘सेट अप’ म्हणजे उभारणं, आणि ‘सेट अप’ म्हणजे कुणाला डाव रचून अडकवणंही. ‘सेट असाइड’ म्हणजे घरखर्चातून चार पैसे बाजूला काढून ठेवणं. कोर्टात मात्र खालचा निकाल रद्दबातल ठरवणं. ‘सेट बॅक’ म्हणजे पीछेहाट, आणि घर बांधणाऱ्याला तेच रस्त्यापासून सोडायचं सामासिक अंतर. ‘सेट इन’ म्हणजे पावसानं ठाण मांडणं. ‘सेट अपॉन’ म्हणजे एखाद्यावर तुटून पडणं. ‘सेट ऑफ’ तर बहुरूपीच आहे: प्रवासाला निघणं, फटाका उडवणं, हिशेबात वजावट करणं, आणि हिरव्या खड्यानं मोतिया रंगाची साडी खुलवणं. संस्कृतात एकाच ‘हृ’ला उपसर्ग लावून आहार, विहार, प्रहार, संहार अशा चार वेगळ्या दुनिया उभ्या राहतात. फरक इतकाच, की तिथला उपसर्ग पुढं बसतो आणि इथला मागून येतो.

आता एक गंमत सांगतो, जी मला ही नोंद वाचेपर्यंत ठाऊक नव्हती. आपण मराठीत सर्रास वापरतो तो ‘सेट’ या बसवणाऱ्या घराण्यातला नाहीच. टी-सेट, मोत्यांचा सेट, परीक्षेतला ए आणि बी सेट, यांतला ‘सेट’ म्हणजे एका मेळाच्या वस्तूंचा समूह. हे नाम आलं जुन्या फ्रेंचमधून, आणि त्याच्या मागं आहे लॅटिनमधला ‘सेक्टा’, म्हणजे अनुयायांचा समुदाय; एकामागून एक चालणाऱ्यांचा. चालण्याच्या, सोबत करण्याच्या त्या मुळाचं संस्कृतातलं भावंड म्हणजे ‘सच्’, ज्यातून ‘सचिव’ आला: सोबती. दोन परक्या प्रवाहांचा उच्चार इंग्रजीत एक झाला, आणि पुढं अर्थही इतके मिसळले की संगमाखाली कुठलं पाणी कुणाचं हे सांगता येऊ नये. एकत्र बसवलेल्या वस्तू आणि एकामागून एक चालणाऱ्या वस्तू. शोकेसमधल्या कपबशा दोन्ही म्हणता येतात. गणिताच्या मराठी पुस्तकांनी ‘संच’ हा शब्द घेऊन या भानगडीतून सुटका करून घेतली.

मग मूळचा बसवणारा ‘सेट’ मराठीत आलाच नाही का? आला, पण आपल्या वाटेनं आला. ‘सेटिंग लावणे’ हा वाक्प्रचार घ्या. इंग्रजीत ‘सेटिंग’ म्हणजे कथेची पार्श्वभूमी, हिऱ्याचं कोंदण, फार तर यंत्राची कळ. आपल्याकडे सेटिंग म्हणजे आतून झालेलं साटंलोटं. एवढा निरागस शब्द मराठीत येऊन टेबलाखाली कधी गेला, त्याची चिठ्ठी कुणी ठेवली असेल तर मला पाहायची आहे.

‘सेट होणे’ त्याहून मराठी. पोरगा पुण्यात सेट झाला, पोरगी बोस्टनला सेट झाली. नोकरी, फ्लॅट, लग्न, या तिन्ही गोष्टी जागी बसल्या की माणूस सेट. इंग्रजीत इथं ‘सेटल’ म्हणतील. आपण शेवटचा ‘ल’ गाळला आणि शब्दाला सिमेंटचा घट्टपणा दिला. त्यात महाराष्ट्र आणि गोव्यासाठी प्राध्यापकांची जी राज्य पात्रता परीक्षा असते, तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचाही ‘सेट’च होतो. माझा मुलगा ती पास झाला आहे आणि तासिका तत्त्वावर शिकवतो. तो म्हणतो, “बाबा, मी सेट झालो, पण सेट झालो नाही.” यमक अलंकाराचं एवढं चोख उदाहरण मला पाठ्यपुस्तकात सापडलं नव्हतं: शब्द तोच, अर्थ वेगळा, आणि वेगळेपणा खरोखर दुखणारा.

पण या शब्दाचं सगळ्यात देखणं मराठी रूप मी पाहिलं ते आटपाडीकडे, मावसभावाच्या डाळिंबाच्या बागेत. पाणी तोडून बाग ताणावर सोडली होती, मग पानगळ करून पुन्हा पाणी दिलं होतं, आणि आता झाडं लालभडक कळ्यांनी पेटल्यासारखी दिसत होती. मी खूश होऊन म्हणालो, “वा, यंदा काय फळ येणार!” तो हसला. “दादा, कळी झाक निघालीया, पर सेटिंग व्हायचंय अजून.” मग त्यानं दोन कळ्या तोडून तळहातावर ठेवल्या. एक घंटीसारखी, बुडाशी निमुळती; ही नर कळी, चार दिवसांत गळून पडते. दुसरी बुडाशी मडक्यासारखी फुगीर, ही धरते. मधमाश्या आल्या, हवा बरी राहिली तर हिचं सेटिंग होतं. झाडाखाली वाळलेल्या घंट्यांचा लाल सडा पडला होता, आणि तो त्यावरून न हळहळता चालत होता.

शेतीच्या इंग्रजी पुस्तकांत फळ धरण्याला ‘फ्रूट सेट’ म्हणतात; तिथूनच हा शब्द बांधावर आला. उसाच्या टिपरीलाही इंग्रजीत ‘सेट’च म्हणतात, फक्त लिहिताना शेवटी एक अक्षर जास्त. दोन डोळ्यांची टिपरी सरीत बसवायची आणि तिच्यातून ऊस उभा करायचा. कोशातल्या ४३० अर्थांत ‘फळ धरणे’ हा एक लहानसा अर्थ आहे. पण तळहातावरच्या त्या दोन कळ्या पाहिल्यावर माझ्यासाठी नोंदीचा मध्यबिंदू तिथं सरकला. फुलण्याचा आणि धरण्याचा संबंध आहे, पण हमी नाही. घट्ट होणं आणि वाढायला लागणं, हे दोन उलटे अर्थ त्या मडक्यासारख्या बुडात भांडण न करता एकत्र नांदत होते.

नोंदीच्या मोठेपणाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तो मान आता ‘सेट’कडे राहिलेला नाही. ऑक्सफर्डच्या कोशाची नवी सुधारणा चालू असताना पीटर गिलिव्हर या संपादकानं ‘रन’ हे क्रियापद हाती घेतलं. नऊ महिन्यांहून अधिक काळ तो त्या एका शब्दात होता, आणि बाहेर आला तेव्हा हातात ६४५ अर्थ होते. बसवणाऱ्या शब्दाचं आसन धावणाऱ्या शब्दानं घेतलं. आपण ‘रन’ मात्र क्रिकेटपुरता घेतला आणि मोजत बसलो. धावायला आपल्याकडे पळणे आहे, धावणे आहे, पळापळ आहे. उसनं आणायची गरज पडली नाही. उणीव भासली ती जागी बसण्याच्या शब्दाची, आणि तीही नोकरी-फ्लॅट-लग्नाच्या बाबतीत. उसने शब्द माणसाची खरी नड सांगून जातात.

गेल्या आठवड्यात मावसभावाचा फोन आला. आवाजात उत्साह होता. “दादा, सेटिंग झालं. झाडामागं साठ-सत्तर धरल्यात.” मी अभिनंदन केलं. मग जरा थांबून त्यानं विचारलं, “आन् आपल्या पोराचं काय? झाला का सेट?”

मी म्हटलं, “कळी निघालीया.”